निशिगंधा नावाचे दगाआप्पा

प्रेमाचा प्रसंग लिहायचा असला की दगाआप्पा आधी भिंतीवरचं सप्तशृंगीचं कॅलेंडर उलटं करत. नायकाने नुसता हात हातात घेतला तर कॅलेंडर तसंच राहायचं. त्यापुढे काही व्हायचं असलं की ते उठत, कॅलेंडर फिरवत, "माफ कर माय" म्हणत आणि पुन्हा वही घेऊन बसत. सुरतेच्या बमरोलीत त्यांची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. येता-जाता त्यांच्या उघड्या दारातून कॅलेंडरची पांढरी पाठ दिसली की मला कळायचं, आज टाईप करताना मान वर करता येणार नाही.

आप्पा मूळचे साक्रीकडचे. पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये ते कापड तपासायला होते. तिरप्या काचेखाली ट्यूबलाईट जळते, वरून कापड सरकत राहतं, आणि माणसाने उभं राहून डाग, तुटका धागा, पुसट छपाई हेरून खडूने खूण करायची. सव्वीस वर्षं त्यांनी हे केलं. सरकत्या कापडाने त्यांच्या बोटांची टोकं इतकी घासली होती की मोबाईलच्या काचेला त्यांचा स्पर्शच कळत नसे. म्हणून ते वहीत लिहीत आणि मी त्यांच्या मोबाईलवर टाईप करून देत असे. एका ॲपवर त्यांच्या कादंबऱ्या भागाभागाने यायच्या. लेखिकेचं नाव: सौ. निशिगंधा.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. वडील लूमवर, आई घरी, आणि मी बी.ए. हे मी मुद्दाम सांगते, कारण आप्पांनी मला निवडलं ते त्याच्यामुळेच, आणि मलाही त्याचा अभिमान होता. मला ते "बी.ए. मॅडम" म्हणत. भाग वाचून मी नाक मुरडलं की, डागी कापडाच्या गठ्ठ्याबद्दल विचारावं तसं, लगेच विचारत, "काय मॅडम, हा ताका सेकंडमध्ये टाकू?"

सुरुवातीला त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलं होतं. कुणीतरी खाली प्रतिक्रिया दिली, "काका, बाईचं मन तुम्हाला काय कळणार?" आप्पांनी त्याच आठवड्यात नाव बदललं. "सौ. कशाला लावता? नुसतं निशिगंधा ठेवा ना," मी म्हटलं. "कुमारीचं कोण ऐकतं? संसार केलेल्या बाईचं ऐकतात लोक," ते म्हणाले. आणि खरंच ऐकू लागले. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठून कुठून बाया लिहायच्या, ताई, तुम्ही माझ्याच घरातलं लिहिलं.

ते घरातलंच असायचं, पण आप्पांच्या घरातलं. त्यांची बायको, आमची आक्का, घरी बसून साड्यांना चमकीच्या टिक्या लावायची. शेजारच्या चार-पाच बाया तिच्याकडे साड्या घेऊन येत आणि हात चालता चालता तोंडं चालत. कुणाची सासू, कुणाचा मार, कुणाला लग्नाआधी कोण आवडायचं. रात्रपाळी करून आलेले आप्पा कोपऱ्यात तोंडावर चादर घेऊन पडलेले असत. बायांना वाटायचं, झोपलेत. मला एकदा म्हणाले, "बेटा, माझं कॉलेज म्हणजे ती चादर."

आक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं. नवरा गोष्टी लिहितो एवढं तिला ठाऊक होतं आणि त्यावरून ती त्यांना सोडत नसे. "माले कधी गजरा लई दिन्हा नही," ती बायांना सांगायची, "आनि तठे लोकेसन्या बायासले रडावस." आप्पा चादरीखाली हलायचेसुद्धा नाहीत.

त्यांच्या कादंबऱ्यांमध्ये माणसं सारखी जेवतात. पळून जाणारी जोडपी आधी डबा बांधतात. मी एकदा टोकलं तर म्हणाले, "पहिले भाकर, मग चांदणं. उपाशी माणूस प्रेम करत नाही, नुसतं भांडतं." आणि एकच इच्छा होती, छापील पुस्तक. मोबाईलवर कितीही बायांनी वाचलं तरी त्यांचं समाधान होत नसे. "पुस्तक असं पाहिजे मॅडम, की गावच्या वाचनालयाने दोनदा शिवलं पाहिजे. वाचून वाचून पाठ सुटली पाहिजे त्याची." शेवटी धुळ्याचा एक प्रकाशक तयार झाला. त्याला लेखिकेचा फोटो हवा होता आणि प्रकाशनाला ताई स्वतः यायला हव्या होत्या. "करू काहीतरी," आप्पा म्हणत राहिले. त्या दिवसांत ते फार खूश होते.

त्याच दिवसांत रंजना होती. नंदुरबारच्या बाजूची, एवढंच तिने सांगितलेलं. प्रत्येक भागाखाली तिचं काहीतरी असायचंच. मग ती वेगळे निरोप पाठवू लागली. नवरा मारतो, दिराच्या देखत मारतो, माहेरी आता कुणी नाही. आप्पांच्या चालू कादंबरीतली नायिका तेव्हा नवऱ्याचं घर सोडून सुरतेला निघाली होती आणि सुरतेत एक पोक्त बाई तिला दार उघडते असा भाग आला होता. रंजनाने विचारलं, "ताई, असं खरंच कुणी दार उघडतं का?"

आप्पांनी वहीच्या पाठीवर उत्तर लिहून दिलं. "तापीने आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही. ये. माझं दार तुझ्यासाठी उघडं आहे." मी टाईप केलं आणि विचारलं, "पाठवू?" ते म्हणाले, "पाठव. वाक्य बरं उतरलंय."

मलाही ते वाक्य आवडलं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

एका रविवारी सकाळी आप्पा मोबाईल हातात धरून आमच्या दारात उभे राहिले. रंजनाचा निरोप होता. "ताई, मी निघाले. दुपारी सुरतेच्या उधना स्टेशनला उतरते. पोपटी साडी आहे."

"बेटा, तू चल," ते म्हणाले. "तू ताई हो. एवढा एक दिवस."

"मी का होऊ?" मी म्हटलं. "सोंग तुमचं आहे, आप्पा. मी फक्त टाईप करते. तुम्ही जा, खरं काय ते सांगा आणि तिला घेऊन या."

"खरं काय सांगू? नवऱ्याला सोडून बाई निघाली ती एका पुरुषाच्या भरवशावर निघाली, असं होईल ते. उद्या तिच्या सासरचे म्हणतील, सुरतेच्या माणसाबरोबर पळाली. तिला परतीचा रस्ताच राहणार नाही."

"आणि तुमच्या पुस्तकाचं काय होईल, तेही सांगा ना."

ते हळूच म्हणाले, "तेबी आहेच. खोटं कशाला बोलू."

"मी खोटं बोलणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. शिकले कशाला मग, असंही काहीतरी मी बोलले. आप्पांनी मान हलवली आणि ते एकटेच उधन्याला गेले.

संध्याकाळी परत आले ते सरळ आमच्याकडे. स्टेशनच्या पुलावर ते सगळी दुपार उभे होते. "बारीक आहे ग," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, उंच असेल. बाकावर बसली. डबा सोडला, शेजारच्या म्हातारीला अर्धी भाकर दिली. सारखी मोबाईलमध्ये बघायची आणि मग येणाऱ्या बायांच्या तोंडाकडे. प्रत्येक बाईकडे, मॅडम. मी दोनदा पूल उतरलो. तिच्यापासून एवढ्यावर गेलो. काय सांगू? मीच निशिगंधा?"

त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. दुपारभराचे तिचे निरोप होते. "ताई, पोचले." "ताई, पाण्याच्या नळाजवळच्या बाकावर आहे." "ताई, घाई नाही, सावकाश या." शेवटचा असा होता: "तुमची काही अडचण झाली असेल. परतीची गाडी लागली आहे, निघते. गोष्ट मात्र थांबवू नका."

त्यानंतर आप्पांनी सांगितलेलं कितीतरी मी तिला पाठवलं. उत्तर आलं नाही. काही दिवसांनी तिचं खातंच दिसेनासं झालं. आप्पा सुट्टी काढून दोन वेळा नंदुरबारला जाऊन आले. पण आडनाव नाही, गाव नाही, विचारणार कुणाला आणि काय? एसटी स्टँडवर बसून परत आले. तिचं पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. रंजना हे नाव तरी तिचं होतं की तेही आमच्यासारखंच, कोण जाणे.

पावसाळा संपता संपता त्यांनी मला कादंबरीचा शेवटचा भाग दिला. त्यात गोष्ट नव्हतीच. "मी बाई नाही. माझं नाव दगा. सुरतेत मिलमध्ये कापड तपासतो. रंजना, तू कुठल्याही नावाने हे वाचत असशील, तर त्या दिवशी मी पुलावर होतो. मी खाली आलो नाही." मी म्हटलं, "आप्पा, पुस्तक जाईल." ते म्हणाले, "टाईप कर."

पुस्तक गेलं. प्रकाशकाने दोन ओळींत विषय संपवला. आणि ज्या बाया ताई, ताई करत होत्या त्यांनी जे लिहिलं ते मी इथे लिहू शकत नाही. थेरडा हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. आप्पा समोर बसून म्हणायचे, "सगळं वाच. गाळू नको." मी वाचायचे. प्रत्येक नाव ऐकताना ते थोडे पुढे झुकत. त्यांना शिव्यांशी काही देणंघेणं नव्हतं. शिव्या देणाऱ्यांत एखादी रंजना निघते का, एवढंच ते ऐकत होते.

पुढे त्यांनी एक ओळ लिहिली नाही. वह्या पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या. आक्का मला विचारायची, "काय व्हयनं व ह्यासले? लिखाले बठतस नई." मी सांगायचे, "काही नाही आक्का, डोळे दुखतात त्यांचे." खोटं न बोलणारी मी, हे बिनदिक्कत सांगायचे.

गेल्या हिवाळ्यात आप्पा काचेसमोर उभ्या-उभ्याच कोसळले. हृदय. कापड कुणी थांबवलं नाही. दुसरा माणूस धावत येईपर्यंत एक अख्खा ताका न तपासता पुढे गेला, असं त्यांच्या जोडीदाराने सांगितलं.

सुतक फिटलं, गंधमुक्तीचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि चार दिवसांनी आक्काने मला हाक मारली. ती साडी मांडीवर घेऊन बसली होती, पण हात चालत नव्हता. "बेटा, आते तं सांग. त्यासनी लिखनं काबरं सोडं?"

मी सगळं सांगितलं. निरोप, पोपटी साडी, बाक, पूल. मी काय बोलले तेही सांगितलं. आक्का म्हणाली, "माले काबरं नई सांगं? मी गयी असती. बाईले बाई घर लई येस, तेमा काय शे?"

"पण आक्का, तिला निशिगंधाताई हवी होती."

"मीच ती, आसं सांगती."

"खोटं?"

"खोटं कसानं? घर तं मन्हंच शे ना."

घर तिचंच होतं. मी बी.ए. आणि आप्पा बायकांचं मन लिहिणारे. त्या सकाळी आम्ही दोघांनी दारात उभं राहून एवढा वाद घातला, ताई कुणी व्हायचं म्हणून, आणि भिंतीच्या पलीकडे एक बाई बसली आहे हे दोघांनाही आठवलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून आम्ही तिला हिशेबात धरलंच नव्हतं.

"कोनता वार व्हता?" आक्काने विचारलं.

"रविवार. दुपारची गाडी."

ती कुणाला दोष न देता, हातातल्या साडीकडे बघत म्हणाली,

"तवय तं मी घरमाच व्हतू."