बैलाच्या पोटातले इंजिनिअरिंग

प्रिय ईरा आणि कबीर,

तुमच्या आजीला लाकडी बैलाने फरफटत नेले, ही गोष्ट साफ खोटी आहे. मी पळत होते. फरफटणे आणि पळणे यांत फरक असतो. तो तुमच्या बाबांना कळत नाही, कारण ते त्या दिवशी तिकडे मेलबर्नमध्ये होते आणि त्यांनी फक्त कोणीतरी पाठवलेला व्हिडिओ पाहिला. (कोणी पाठवला ते मला माहीत आहे. तुमचे आजोबा अजून कबूल करत नाहीत.)

परवा व्हिडिओ कॉलवर कबीरने विचारले, "आजी, कपाटाशेजारच्या बैलाला एकच शिंग का?" तेव्हा मागून तुमचे बाबा असे हसले की मी फोन ठेवून दिला. ईरा आता इंजिनिअरिंगला जाणार आहे. तिच्या कानावर ही हकीकत बाबांकडून जाण्याआधी माझ्याकडून जावी, म्हणून नीट, क्रमाने लिहिते आहे.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशी मिरवून झालेले असतात. हा दिवस मुलांचा. चाके लावलेले लाकडी बैल बेगड आणि झूल घालून सजवायचे, दोरीने ओढत मैदानात आणायचे, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत उभे करायचे. पाहुणे येतात, बैल बघतात, बक्षीस देतात. आपल्या घरातला बैल तुमच्या पणजोबांनी करवून घेतलेला, भरीव सागवानाचा, मोठ्या बोकडाएवढा. तो दोन माणसांना उचलत नसे. तुमचे बाबा लहान असताना त्यांनी तो एकदा ओढायचा प्रयत्न केला होता. बैल हलला नाही, बाबा बसले. तेव्हापासून बैल कपाटाशेजारी उभा.

आता तुमचा सुबोधकाका. तो इथल्या एका खाजगी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवतो, हे तुम्हाला माहीत आहे. एके दिवशी तो घरी आला आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाला, "आई, आमची मुलं मोटरची आकृती डोळे मिटून काढतात. पण खरी मोटर समोर ठेवली तर विचारतात, सर, हे काय आहे?"

म्हणून त्याने नवी पद्धत काढली. विद्यार्थ्यांनी कोणाची तरी खरी अडचण शोधायची आणि त्यावर खरी वस्तू बनवायची. ज्याच्यासाठी बनवली, त्यानेच ती सगळ्यांसमोर चालवून दाखवायची. विद्यार्थ्याने मधे तोंड घालायचे नाही. वस्तू चालली तर गुण.

कॉलेजच्या प्राचार्यांना हे सगळे पोरखेळ वाटले. ते सुबोधला म्हणाले, "तुमच्या कॉलनीच्या तान्ह्या पोळ्याला मी पाहुणा म्हणून येतोच आहे. तिथे दाखवा एक वस्तू. चालली, तर पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांना हीच पद्धत. नाही चालली, तर सर, आपला फळा आणि आपली वही."

सुबोधने अडचण निवडली ती आपल्या घरातलीच. जड बैल मुलाच्या चालीने आपोआप चालला पाहिजे. चालवून दाखवणार कोण? मी!

तीन विद्यार्थी आले. चिचगडचा नितेश, सडक अर्जुनीचा राकेश आणि गोंदियातलीच पूजा. सुबोधने मला सगळ्यांची ओळख करून दिली आणि त्याच दिवशी त्याला परीक्षेच्या कामाला नागपूरला जावे लागले. जाताना म्हणाला, "आई, तू फक्त लक्ष ठेव."

ज्या बाईने आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवले आणि प्रत्येक परीक्षेत वर्गावर पहारा ठेवला, तिला असे काही सांगू नये.

मी कामाची शिस्तशीर वाटणी केली. बैलाचे धड आणि मान हलवायची कळ नितेशकडे. त्याला व्हरांडा दिला. मोटर, चाके आणि ब्रेक राकेशकडे, त्याला गच्ची. बॅटरी, वायरी आणि बटणांचा डबा पूजाकडे. तिला जेवणाचे टेबल. तिघांनाही बजावले, "आपापले काम करायचे. दुसऱ्याचे बघायचे नाही. बोलायचे नाही."

"काऊन जी?" नितेशने विचारले.

"कॉपी होते."

"आजी, बैल एकच हाये. कॉपी कोणाची करू?"

"आजी नाही, मॅडम म्हण. आणि स्वतःच्या पेपरकडे बघ."

"पेपर कुठी हाये? मले तर बैल देला तुमी!"

अर्ध्या तासाने पूजा टेबलावरून उठली. "आंटी, बस एक मिनट, राकेश से ज़रा पूछना था…"

"आंटी नाही, मॅडम. आणि बस खाली."

मग गच्चीतून राकेशचा आवाज आला, "नितेश, बैलाचं वजन किती आहे बे?" मी जिन्यात उभी राहून उत्तर दिले, "दोन माणसांना उचलत नाही! पुढचा प्रश्न नाही!" तो गप्प झाला. मला फार बरे वाटले. निवृत्तीनंतर इतकी शांतता माझ्या वाट्याला आली नव्हती.

दुपारी जेवायला तिघांना एकेक खुर्ची सोडून बसवले. नितेशने भात कालवता कालवता तोंड उघडले, "थे ब्रेकची वायर कोण जोडन?"

"जेवताना बोलू नये," मी म्हणाले आणि त्याच्या पानात आणखी वरण वाढले.

तुमचे आजोबा पलीकडे बसून हे सगळे बघत होते. ते म्हणाले, "कायले छळून राहिली पोराईले? बोलू दे ना जरा."

"तुम्ही तुमची कढी प्या," मी म्हणाले. ते प्यायले. (त्या दिवशीच त्यांनी फोन पूर्ण चार्ज करून ठेवला होता, असा माझा संशय आहे.)

असे काही दिवस चालले आणि तिघांची कामे वेळेत पूर्ण झाली. पूजाच्या डब्यावर तीन बटणे होती: चालू करायला एक, मान हलवायला एक, थांबवायला एक. मी पट्टी लावून सरळ अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या आणि वरून पारदर्शक टेप चिकटवली: 'चला', 'मान', 'थांबा'. डब्याला लांब वायर, वायरीच्या टोकाला बैल. तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्री मी सगळे भाग एकत्र बसवून घेतले. जोडतानाही बोलू दिले नाही. चालवून बघू या, असे राकेश म्हणाला, तेव्हा मी विचारले, "पेपर फुटलेला चालेल का तुला?"

सुबोध पहाटे नागपूरहून परतला. "सगळं नीट झालं ना?" त्याने विचारले. मी म्हणाले, "कोणी एक शब्द बोलले नाही." त्याने आणखी काही विचारायला तोंड उघडले, पण तोवर बैल मैदानाकडे निघाला होता.

मैदानात मुले आपापले बैल घेऊन ओळीत उभी होती. तोरणाच्या पलीकडे प्राचार्य उभे होते, पांढरा सफारी, हातात नारळ. मी आपल्या बैलामागे डबा धरून उभी राहिले. सुबोधने नियम सांगितला, "आता फक्त माझी आई. विद्यार्थी बोलणार नाहीत." (ती तिघे कसली बोलतात! त्यांची सवयच गेली होती.)

मी 'चला' दाबले.

बैल चालला नाही. बैल सुटला!

तोरण त्याच्या शिंगांत अडकले आणि त्याच्याबरोबर आले. लहान मुले आपापले बैल उचलून बाजूला झाली. मी 'थांबा' दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. मग घाईत माझे बोट 'मान'वर पडले आणि बैल पळता पळता मान हलवू लागला. मी ओरडते, "थांब! थांब!" आणि तो मान डोलावून हो हो म्हणतो आणि तसाच पळतो. अगदी तुमच्या बाबांसारखा.

तुम्ही विचाराल, आजी, डबा सोडून का नाही दिलास? वायर तुटली असती तर मुलांचे गुण गेले असते! म्हणून मी पळत होते. हा मुद्दा बाबांना वाचून दाखवा.

बैलाला वळता येत नव्हते. वळणे हा विषय मी कोणाकडेच दिलेला नव्हता. त्यामुळे तो नाकासमोर गेला आणि त्याच्या नाकासमोर प्राचार्य होते.

"सर, बाजूला व्हा! बाजूला!" सुबोध ओरडला.

पण सर मूळचे गणिताचे. त्यांना सरळ रेषा सोडवेना. नारळ छातीशी धरून ते बैलाच्या पुढे पळू लागले. पुढे प्राचार्य, मागे बैल, त्यामागे मी, माझ्यामागे तीन विद्यार्थी आणि सगळ्यांच्या मागे फोन उंच धरून तुमचे आजोबा. त्याच सकाळी आमच्याकडे मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेऊन जाळतात, रोगराई घेऊन जा म्हणून. आमची ही वरात कॉलनीबाहेर पडताना गर्दीतून कोणीतरी ओरडले, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" आणि दुसरा ओरडला, "मॅडमले बी घेऊन जा!" दोन्ही आवाज माझ्या माजी विद्यार्थ्यांचे होते. दुसऱ्याला मी दहावीत व्याकरणात नापास केले होते.

मैदान संपते तिथे उतार आहे आणि उताराखाली धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेले भाताचे शेत. नुकतीच रोवणी होऊन गेलेली, बांधीभर पाणी. आधी प्राचार्य आत गेले. मग बैल. मग मी. (मी पायांवर उभी होते. व्हिडिओत दिसते ते प्रकाशामुळे.)

बैल चिखलात रुतला, पण चाके थांबेनात. ती गरगर फिरत सगळा चिखल मागे उडवू लागली. मागे मी होते. मी दूर झाले, तेव्हा मागे प्राचार्य होते.

मला इतकी धाप लागली होती की "बोलू नका" म्हणता येईना. आणि तेवढ्यात तिघांची तोंडे एकदम उघडली.

"राकेश, मोटर केवढी लावली बे?" नितेश ओरडला.

"मोठी! मॅडम बोलल्या ना, दोन माणसाले उचलत नाही!"

"अबे, मी तर त्याले आतून कोरला! मानेची कळ बसत नोयती!"

"कोरला? मंग सांगितलं काऊन नाही?"

"कोणाले सांगू? पेपर चालू होता!"

"और ब्रेक?" पूजा गुडघाभर चिखलात उभी राहून किंचाळली. "मैंने तो बटन की वायर बाहर निकालकर टेप लगा दी थी, कि राकेश जोड़ेगा!"

"मी बी ब्रेकच्या वायरीले टेप लावली," राकेश म्हणाला, "का तू जोडशील!"

तिघांनी मिळून बैल आडवा केला. नितेशने पोटाची फळी उघडली. आत हातभर अंतरावर वायरींची दोन टोके होती, दोन्ही स्वच्छ, दोन्हींना नीट टेप, दोन्ही एकमेकांकडे तोंड करून गप्प बसलेली. जशी ती मुले माझ्या जेवणाच्या टेबलावर बसत असत, तशी. पूजाने हात घालून बॅटरीची वायर उपटली. चाके थांबली. मान हो म्हणता म्हणता खालीच राहिली.

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसायला कोरडे काहीच सापडले नाही, म्हणून तसाच घातला. "सुबोध सर," ते म्हणाले, "मोठी मोटर, हलका बैल, न जोडलेला ब्रेक. एवढं यांनी एका मिनिटात शोधून काढलं? वर्गात ही मुलं असं बोलतात?"

"नाही सर. वर्गात आपण बोलू देत नाही."

"आणि बैल बनवताना?"

उत्तर नितेशने दिले. त्याला आता कोण अडवणार! "मॅडमनं पेपर लावला होता जी."

सगळे माझ्याकडे बघू लागले. त्याच वेळी बिरसी विमानतळावरच्या शिकाऊ पायलटांचे विमान नेहमीप्रमाणे वरून घिरट्या घालत होते. मी ते मन लावून पाहिले.

"पद्धत चालू ठेवा," प्राचार्य शेवटी म्हणाले. "पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांना. फक्त अट अशी, की सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचं आणि भरपूर बोलायचं. आणि…" ते शब्द शोधू लागले. हातातला नारळ अजून तसाच होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला. "…मॅडमना विश्रांती द्या."

तर मुलांनो, ती पद्धत अजून चालू आहे. सुबोधच्या वर्गात आता एक लांबलचक टेबल आहे आणि तिथला गोंगाट रस्त्यापर्यंत ऐकू येतो. मला तिथे वर्षातून एकदा बोलावतात, पोहे घेऊन. पोहे दारात ठेवायचे असतात.

मोटर पुढच्या वर्षीच्या मुलांनी दुसऱ्या कामाला नेली. चिखलात तुटलेले शिंग बांधीतच राहिले. धान कापल्यावर आजोबा शोधून आले, पण सापडले नाही. बैल आहे. आतून पोकळ असल्यामुळे झाडताना मी तो एका हाताने उचलते. त्याच्या पाठीवर तो बटणांचा डबा आहे आणि माझे अक्षर अजून जसेच्या तसे, सरळ.

या घरात 'थांबा' म्हणणारे आता दोघे आहोत, ते बटण आणि मी. दोघांचीही वायर कुठेच जोडलेली नाही.

तुमची,
आजी