आईनं काढलेला बिघाड

लॅपटॉप मी जोडला. एकटीनं जोडला, आणि पहिल्या दिवसापासून तो नीट चालतोय. हे आधीच सांगून ठेवते, कारण तेर गावातल्या आमच्या निम्म्या भावकीला अजून वाटतं की मी तो बिघडवला आणि माझ्या भावानं पुण्याहून येऊन दुरुस्त केला. ही बातमी खुद्द आमच्या आईनं पसरवली.

दादा आणि मी लहानपणी एकाच कीबोर्डवर गाड्यांची शर्यत खेळायचो. बाणांची बटणं त्याची, अक्षरांची माझी. माझी गाडी पुढं गेली की त्याचं कोपर हमखास माझ्या हाताला लागायचं, आणि वर "चुकून लागलं गं" म्हणायचा. चुकून कसलं! मी ओरडायचे, आई स्वयंपाकघरातून दोघांनाही एकदमच शिव्या घालायची, आणि लाईट गेली की भांडण आपोआप मिटायचं. मोठं झाल्यावर खेळायचा लॅपटॉप आपण स्वतः जोडायचा, हे तेव्हाच ठरलं होतं. मग दादा नोकरीला पुण्याला गेला. मी गावातल्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसायला लागले. घरातल्या त्या खोलीत एवढी शांतता झाली की मला तिथं थांबवेना.

अखेर गेल्या वर्षी आम्ही दोघांनी सामान मागवलं. तयार लॅपटॉप का नाही घेत, असं दुकानात येणाऱ्या प्रत्येकानं मला विचारलं. पण आम्हाला नुसता सांगाडा हवा होता. पडदा, कीबोर्ड, मदरबोर्ड आणि गेमसाठी लागणारं ग्राफिक्स कार्ड एवढंच त्यात बसवलेलं येतं. रॅम, एसएसडी, वायफायचं कार्ड आपण निवडून बसवायचं. कुरिअरवाला तेरपर्यंत यायला तयार नव्हता. प्रत्येक खोक्यासाठी मी एसटीनं धाराशिवला गेले आणि मांडीवर घेऊन परत आले. दादानं फोनवर बजावलं होतं, "खोकी फोडू नको. मी आल्यावर दोघं मिळून जोडू."

मी फोडली नाहीत. दिवाळीला त्याला सुट्टी मिळाली नाही. मग म्हणाला, येळवशीला नक्की. येळवशीला आमच्याकडं कोण येत नाही? बाहेरगावी गेलेली सगळी पोरं त्या वेळा अमावस्येला शेतात हजर असतात. कडब्याची खोप उभी राहते, आंबिल आणि भज्जीची भांडी डोक्यावरून रानात जातात आणि अख्खं गाव तिकडंच जेवतं. वडील पूजेला बसले होते. आई वाढता वाढता सारखी बांधाकडं बघत होती. मीही बघत होते, पण कुणी विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. दुपारी त्याचा फोन आला. कामाचं काहीतरी निघालं होतं.

"आता तूच जोड की," तो म्हणाला. "तुला येतंय सगळं."

हे कौतुक होतं. मला ते कौतुकासारखं वाटलं नाही. ज्याची वाट बघत मी इतके दिवस त्या खोक्यांवरची धूळ झटकली, त्यानं ती खोकी सरळ माझ्या गळ्यात टाकली होती.

दुसऱ्याच दिवशी रागारागात मी जोडायला घेतलं. राग होता म्हणून भीती वाटली नाही. आईचा जुना मिसळणाचा डबा काढला, आणि कुठले स्क्रू कुठले ते कळावं म्हणून एकेका वाटीत वेगवेगळे ठेवले. अंगातली वीज उतरावी म्हणून आधी लोखंडी कपाटाला हात लावला. रॅम बसवली, एसएसडी बसवली, वायफायच्या कार्डाला त्या बारीक तारा लावल्या. बटण दाबलं तर पडदा काळाच. पुन्हा खोललं, तर रॅमची पट्टी पुरती आत गेलीच नव्हती. अंगठ्यानं जोर दिला, खट्ट आवाज आला, आणि या वेळी पडदा उजळला. मी "दादा!" म्हणून ओरडले आणि मागं वळले. मागं आई उभी होती, पिठाचे हात घेऊन.

त्याच संध्याकाळी आईनं त्याला फोन लावला. मी जेवत होते. अगदी काळजीच्या आवाजात ती म्हणाली, "अरं, हिनं ते जोडलं, पन चालूच हुईना बघ. पोरगी सकाळधरनं रडायलीय."

घास माझ्या हातातच राहिला. समोर तो लॅपटॉप लख्ख चालू होता! मी तोंड उघडणार, तर तिनं डोळे वटारले. फोन ठेवल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. माझं नाव कशाला खराब केलंस, म्हणाले.

"मला बरं न्हाय म्हनलं तर डाक्टरकडं जा म्हनतो," आई म्हणाली. "याच्यासाठी तर यील."

रविवारी तो आला. बूट काढले न काढले तोच लॅपटॉपपाशी बसला. मी दारात हाताची घडी घालून उभी राहिले. आता खरं काय ते कळेल आणि आईची चांगली फजिती होईल, याचीच मी वाट बघत होते. त्यानं बटण दाबलं. पडदा उजळला, पंखा हलकेच फिरायला लागला, सगळं जिथल्या तिथं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी आईकडं बोट दाखवलं. आई चुलीपाशी पाठमोरी होती. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी ती वळेना.

दादा तिच्या पाठीकडं बघत राहिला. ती बारीक झाली होती. मी रोज बघत होते, म्हणून मला ते कळलं नव्हतं. मग त्यानं लॅपटॉप बंद केला, पालथा घातला आणि मोठ्यानं म्हणाला, "व्हय गं आई, लई बिघाड हाय. सगळं खोलावं लागंल."

"मग आज कसं हुईल?" आईनं लगेच विचारलं, अजून पाठमोरीच. "ऱ्हावं लागंल की."

"लागंल," तो म्हणाला.

माझी सगळी मेहनत आणि माझा सगळा मान त्या लॅपटॉपात होता. मी एक शब्द बोलले असते तर खरंखोटं तिथंच झालं असतं, आणि संध्याकाळच्या गाडीनं तो परत गेला असता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"पंखा बी वाजतोय जरा," मी म्हणाले. "त्यो बी बघ."

पंखा अजिबात वाजत नव्हता. मला दादा हवा होता.