गंगाराम मिस्त्रींचं गार घर

बांधून झालेलं घर गंगाराम मिस्त्री कधी उभ्याने पाहत नसत. सफेदी झाली, मजूर पांगले, की भर दुपारी ते एकटेच आत शिरायचे, सदरा काढून पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावायचे आणि चांगले तासभर बसायचे. मी पदवी घेऊन नुकताच कर्जतला रुजू झालेला इंजिनियर. मला हसू आलं. "मिस्त्री, झोप काढता काय?" मी विचारलं.

"घर डोळ्यांना कळत नाय साहेब," ते म्हणाले, "पाठीला कळतं."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कशेळ्याच्या अलीकडे भूमिहीनांसाठी वीस सरकारी घरं बांधायची होती. मिस्त्री कोंडाण्याकडच्या बौद्धवाडीतले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी साजगावला दिलेली. जिथे काम चालू तिथल्या सिमेंटच्या गोदामात त्यांची वळकटी. या वेळी मात्र लाभार्थ्यांच्या यादीत त्यांचंही नाव होतं. गल्लीच्या टोकाचं विसावं घर त्यांचं.

नकाशा वरून आला होता. विटांच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे, बास. मिस्त्रींचं म्हणणं, पत्र्याखाली छत घालू आणि दोन्हीकडच्या भिंतींत अगदी वर भोकं ठेवू. "तापलेला वारा वर जातो साहेब, त्याला भाईर पडाया वाट नको?" मी नकाशावर बोट ठेवलं. त्यांनी गुपचूप ठेवलेली दोन भोकं मी समोर उभं राहून विटांनी बुजवून घेतली. ते भांडले नाहीत. "कागदावर नाय तर नाय," एवढंच म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्यात राग किती आणि माझी कीव किती, ते मला कधीच कळलं नाही.

ताबा मिळाल्यावर त्यांनी स्वतःच्या घराला हवं तसं केलं. डोंगरातून कारवी आणली, तिच्या काठ्या विणून पत्र्यांच्या हातभर खाली छत टांगलं, त्याला शेणमातीने लिंपलं. वर दोन्ही बाजूंना भोकं पाडली, पाऊस आत येऊ नये म्हणून त्यांवर फरशीचे तुकडे बसवले आणि पत्र्यांवर चुन्याचे दोन हात मारले.

मे महिन्यात बाकीची एकोणीस घरं भट्टीसारखी तापली. वीज होती ती एका दिव्यापुरती. पंखा कोणाच्या ऐपतीत नव्हता. शेजारची अनसाबाई आपल्या तान्ह्या नातवाला घेऊन मिस्त्रींकडे आली. घामोळ्यांनी लाल झालेलं, रात्रंदिवस किरकिरणारं ते पोर त्यांच्या जमिनीवर ठेवताच झोपलं. ही बातमी गल्लीभर व्हायला कितीसा वेळ लागणार? आठवडाभरात सगळी गल्ली दुपारी त्यांच्या घरात आणि ओट्यावर. बायका तांदूळ निवडतायत, म्हातारे पेंगतायत, कोणी भाकरी आणतंय, कोणी सुकट, आणि मध्ये मिस्त्री दोन माणसांचं बोलणं एकटेच बोलतायत. त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मला माझीच लाज वाटली. मी म्हटलं, "मिस्त्री, सगळ्याच घरांना असं करू. वरच्या साहेबांना मी सांगतो." कारवीचे भारे येऊन पडले. मिस्त्री रोज काहीतरी सबब सांगायचे. कधी माती बरी नाही, कधी कंबर धरली. शेवटी मी चिडलो. तेव्हा ते हळूच म्हणाले, "साहेब, समद्यांची घरं गार झाली, तर माझ्याकडं कोन येल?"

"येतील हो, न यायला काय झालं!" मी म्हणालो. माझा त्यावर विश्वास नव्हता, आणि ते त्यांनी ओळखलं.

त्याच आठवड्यात ते दोन दिवसांसाठी मुलीकडे साजगावला गेले, घराला कुलूप लावून. तिसऱ्या दिवशी दुपारी परतले तर अनसाबाई बंद दाराशी, हातभर सावलीत नातवाला छातीशी धरून बसलेली. पोर तापाने फणफणलेलं.

"कवाधरनं बसलीस गं?"

"सकाळधरनं. घरात ठेववत नाय याला. तुमी याल म्हनून बसले, बाबा."

एका शब्दाने तिने बोल लावला नाही. त्यांनी कुलूप काढलं, पोराला आत निजवलं, स्वतः उन्हात जाऊन कोयता घेतला आणि कारवी सोलायला लागले. "माझ्या घरी मानसं यावी म्हनून मी त्या पोराला भाजलं, साहेब," त्यांनी मला नंतर सांगितलं. सांगताना त्यांचे डोळे भरले होते.

पोर बरं झालं. पावसाआधी एकोणीसही घरं झाली. भोकं पाडताना मी शिडी धरून उभा होतो. नकाशा मुद्दामच ऑफिसात ठेवला होता.

पुढच्या मे महिन्यात माझी बदली झाली, म्हणून निरोप घ्यायला गेलो. दुपारची गल्ली चिडीचूप. प्रत्येक दार लोटलेलं. आत माणसं आपापल्या गारव्यात सुखाने झोपलेली. मिस्त्री ओट्यावर एकटे होते.

"काम चोख झालं, साहेब," ते म्हणाले. "कोनाला उठावं लागत नाय."

मी निरोप घेऊन उठलो. नको नको म्हणत असताना ते उन्हातून मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. गाडीची वेळ झाली, टळली. मी घड्याळ पाहत चडफडत होतो. मिस्त्री मात्र मुलीचं, कारवीचं, अनसाबाईचा नातू आता कसा धावतो त्याचं, असं एकामागून एक सांगत होते. बोलता बोलता दर थोड्या वेळाने रस्त्याकडे पाहायचे आणि गाडी दिसत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलायचा.

अखेर वळणावर धूळ उठली. "आली वाटतं," मी म्हणालो.

डोळ्यांवर हात धरून त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाले, "नाय साहेब, टेंपो असंल."

ती एसटीच होती.