पौर्णिमेचा फोन

पौर्णिमेला कांताबाई पांढरी साडी नेसायच्या, विहारात जाऊन अष्टशील घ्यायच्या आणि दुपारनंतर अन्नाला शिवायच्या नाहीत. अमेरिकेला गेलेला त्यांचा मुलगा सौरभ त्याच संध्याकाळी फोन करायचा. तेवढ्या एका फोनवर त्यांचा महिना निघायचा. त्यांचे यजमान दशरथराव मात्र तो फोन साऱ्या येरवड्याला वाटत फिरायचे. ‘आमचा सौरभ न्यू जर्सीला’ हे ऐकल्याशिवाय त्यांच्या तावडीतून दूधवालासुद्धा सुटत नसे. तिकडच्या कंपन्या कॉम्प्युटरवाल्यांना घरी बसवतायत असं पेपरात येऊ लागलं, तेव्हा त्यांनी पेपरलाच शिव्या घातल्या.

बुद्ध पौर्णिमेला फोन आला. कांताबाई वायर ताणून खिडकीशी गेल्या. जेलच्या भिंतीमागून चंद्र वर येत होता.

“जय भीम, आई. चंद्र उगवला का गं?”

“उगवला की.”

“माझ्याही समोरच आहे. आत्ताच वर आलाय, लालसर.”

कांताबाईंनी पुन्हा चंद्राकडे पाहिलं. नर्स म्हणून त्यांनी जन्मभर रात्रपाळ्या केल्या होत्या. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, रात्रभर सोबत करतो आणि उजाडताना मावळतो, हे त्यांनी पाळीवरून घरी येताना कितीदा पाहिलं होतं. सौरभला लहानपणी दाखवलंही होतं, पठ्ठ्या विसरला. इथे संध्याकाळ म्हणजे तिकडे सकाळ. तिथला चंद्र केव्हाच मावळलेला असणार. पोरगं अमेरिकेत नव्हतंच. हैदराबादला असेल, नाहीतर इथेच हडपसरला. नोकरी गेली असणार, आणि बापाने एवढा डंका पिटल्यावर कुठल्या तोंडाने घरी येणार?

‘ये रे घरी’ अगदी ओठांवर आलं होतं. पण आपल्याला कळलंय हे त्याला कळलं, तर पुढच्या पौर्णिमेला फोन वाजायचाच नाही. पोरगा भारी मानी. एवढ्या लोकांची दुखणी काढली, आणि पोटच्या पोराला कुठे आहेस म्हणून विचारायची सोय राहिली नाही. त्यांना रडू फुटायला आलं.

“थंडी आहे का तिकडे, विचार त्याला,” दशरथराव मागून म्हणाले.

खिडकीतून वाऱ्याची झुळूकसुद्धा येत नव्हती. कांताबाईंनी पदराने गळ्यावरचा घाम पुसला.

“पप्पा विचारतायत, थंडी आहे का?”

“आहे थोडी,” सौरभ म्हणाला.

“मग स्वेटर घालत जा,” कांताबाई म्हणाल्या.