आबाजीले पैकीच्या पैकी

हसाचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाप्पा, चहा येईपर्यंत. नंतर जमेल का नाही, काही भरोसा नाही. एवढा मोठा गाढवपणा आमच्या कन्हानमधी माझ्याशिवाय कोणी केला नसेल!

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाले होते. नागपूरच्या आमच्या कॉलेजात एक प्रशिक्षण सुरू झालं. ज्यांच्या घरातून आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही, अशा पोरापोरींले म्हातारपणावरच्या संशोधनासाठी तयार कराचं. त्यात माझी निवड झाली आणि आबाजीनं, म्हणजे माझ्या आजोबानं, अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. सारी जिंदगी कोळशाच्या खाणीत गेलेला माणूस. "नात सायंटिस्ट होऊन राहिली," असं दूधवाल्यालेही अडवून सांगे.

पहिलं काम काय, तर स्मरणशक्तीची चाचणी घ्याले शिकाचं. म्हाताऱ्या माणसाले पाच शब्द सांगाचे. मग तारीख विचाराची, घड्याळ काढाले लावाचं, आणि पाच मिनिटांनी तेच शब्द परत विचाराचे. खुर्ची, कमळ, बैल, घंटा, लाल. मॅडमनं बजावलं होतं, "सराव एकमेकींवर करा. कागद घरी न्यायचा नाही."

मी नेला. काहून नेला? अहो, आमच्या घरी अभ्यास म्हणजे पाठांतर! आणि समोर खाटेवर हक्काचा म्हातारा बसलेला, तोही हौशी.

पहिल्या दिवशी आबाजीले दोनच शब्द आठवले. तोंड एवढंसं झालं त्याचं.

"म्हणजे तू फेल झाली का वं?"

"मी नाही आबाजी, तुम्ही!"

"एकच झालं ना. माझ्यापायी तुये मार्क कटले नाही पाहिजे."

आता इथं मी खरं सांगाले पाहिजे होतं, की हे मार्क माझे नाहीत, आणि ज्याले आठवत नाही त्याच्यासाठीच तर ही चाचणी आहे. पण मले काय वाटलं? म्हातारा मन लावून राहिला, आपला हात बसून राहिला, चालू दे! तीन आठवडे रोज सकाळी चहासोबत चाचणी. बाथरूममधून आवाज, "खुर्ची, कमळ, बैल..." शेवटी तर मी विचाराच्या आधीच उत्तरं!

आई मात्र घाबरली होती. "अवं, तुया आबाजीनं काल चहात मीठ टाकलं. परवा मले माझ्या सासूच्या नावानं हाक मारली. काहीतरी बिघडून राहिलं त्याह्यचं."

"आई, पाचपैकी पाच येऊन राहिले! तुले तरी येतात का?"

हे मी बोलले. संशोधक बाई!

मग कॉलेजात म्हाताऱ्या माणसांसाठी तपासणीचं शिबिर लागलं. आई हट्टानं आबाजीले घेऊन आली. कडक इस्त्रीचा सदरा, खिशाले पेन. डॉक्टर बाहेरचे होते, पण कागद तोच. आबाजीनं तारीख घरूनच कॅलेंडरात पाहून ठेवली होती. घड्याळ काढलं, शब्द धडाधड म्हणून टाकले. डॉक्टर खूश.

"वा आजोबा! घरी काही त्रास जाणवतो का?"

आईनं तोंड उघडलं. ती बोलाच्या आधी मीच म्हटलं, "काहीच नाही सर." अन् गेलो घरी, मिठाई घेऊन!

दोन महिन्यांनी आबाजी डबा घेऊन घरातून निघून गेला. सकाळपासून शोधलं. दुपारी सापडला, कधीची बंद पडलेली त्याची खाण, तिच्या गेटसमोर. "शिफ्टले उशीर झाला," म्हणे, "आतमधी घेऊन नाही राहिले."

मॅडमसमोर मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच म्हटलं, "जे तुला ओळखायला शिकवत होतो, ते तू त्यांना लपवायला शिकवलंस."

मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाई प्रेमानं म्हणाल्या, "आजोबा, मी तुम्हाला पाच शब्द सांगते..."

आबाजीनं हात वर केला. "राहू द्या बाई, काहून तरास घेता? खुर्ची, कमळ, बैल, घंटा, लाल." आणि छाती काढून बसला.

बाईंनी कागद बाजूले ठेवला. मग त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "बरं, ही कोण?"

आबाजीनं पाहिलं. लय वेळ पाहिलं. खालून वर, वरून खाली. कपाळाले घाम आला त्याच्या. मग माझ्याच कानाशी वाकून हळूच म्हणे, "पोरी, हे पेपरात होतं का वं?"

नव्हतं हो, नव्हतं! खुर्ची पाठ करून घेतली, बैल पाठ करून घेतला. त्यात एक आपलंही नाव टाकावं, एवढी अक्कल या संशोधक बाईले नव्हती.