सुईण, विडी आणि रखडलेलं विमान

नोकरीची पहिली बारा वर्षं मी जामसरच्या बाजूला एका उपकेंद्रावर नर्स होते. माझ्या हद्दीत नऊ पाडे होते आणि त्या नऊ पाड्यांवरची बहुतेक बाळंतपणं एकच सुईण करायची. साठीची असेल, नक्की वय तिलाही ठाऊक नव्हतं. अंगानं काटकुळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हात मात्र मोठे आणि रुंद. मी तिला आजी म्हणायची आणि अहो-जाहो करायची. ती मला बाई म्हणायची आणि एकेरीत बोलायची, कारण तिच्या घरच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच. डॉक्टरांनाही ती "तू" म्हणायची. कुणाला त्याचं काही वाटत नसे.

सुरुवातीला आमचं फारसं जमलं नाही. मी जव्हारच्या शाळामास्तराची मुलगी, नुकतीच शिकून आलेली, आणि तिनं मी जन्मायच्या आधीपासून मुलं हातात घेतलेली. पण ती हट्टी नव्हती. साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, नाळ नव्या ब्लेडनं कापायची, दोरा उकळून घ्यायचा, हे सगळं तिनं एकेक करून घेतलं. एकच गोष्ट घेतली नाही. ती विडी सोडायला तयार नव्हती.

विडी ती स्वतः वळायची. कमरेच्या चंचीत तंबाखू आणि आपट्याची वाळलेली पानं असत. बाळंतिणीच्या घरी आली की आधी पोट चाचपायची, मग अंगणात जाऊन उकिडवी बसायची, एक विडी सावकाश संपवायची आणि पुन्हा आत येऊन चाचपायची. घरातल्या म्हातारीनं विचारलं, "किती वेळ अजून?" तर म्हणायची, "होतील चार विड्या." मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तिथंच आत बसलेली असायची. दारातून धूर आत आला की मी ओरडायची. ती दोन पावलं लांब सरकायची, तेवढंच.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. सुरक्षित बाळंतपणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं देशभरातल्या सुईणींची सभा दिल्लीला ठेवली. आमच्या भागातून हिला बोलावणं आलं. तिची बोली समजणारं आणि हिंदी बोलणारं कुणीतरी सोबत हवं म्हणून डॉक्टरांनी माझं नाव दिलं. रेल्वेची तिकिटं मिळेनात, तेव्हा संस्थेनं विमानाची काढली. आमच्यापैकी कुणीच कधी विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, "बाई, तू हायेस ना सोबत? मंग चल."

आदल्या दिवशी दुपारी जीपनं निघालो, ठाण्याला मुक्काम केला आणि सकाळी मुंबईच्या विमानतळावर पोचलो. तपासणीला बायकांची वेगळी रांग होती. पडद्याआड एक वर्दीतली बाई होती. तिनं आजीच्या कमरेची चंची सोडायला लावली आणि त्यातली काडेपेटी काढून एका प्लास्टिकच्या टोपलीत टाकली. टोपलीत आधीच ढीगभर लायटर आणि काडेपेट्या होत्या. मग पिशवी उघडली. सभेत दाखवायला म्हणून आणलेलं बाळंतपणाचं सामान त्यात होतं.

"ये ब्लेड किसलिए?" बाईनं विचारलं.

मी सांगायच्या आत आजीच बोलली. भिवंडीकडच्या वीटभट्टीवर तिनं चार-पाच हंगाम काढले होते, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी तिला येई. "बच्चे का नाल काटने का. नवा हाय, कागद बी नाय काढला."

त्या बाईनं ब्लेडकडे बघितलं, आजीच्या हातांकडे बघितलं. "नियम आहे, आजी," ती मराठीत म्हणाली. "ब्लेड आणि माचीस आत नेता येत नाही." दोरा, साबण आणि तंबाखू मात्र तिनं परत दिलं.

आत येऊन बसलो, तर घोषणा झाली. दिल्लीत धुकं होतं, विमान तासभर उशिरा सुटणार होतं. तासानं आणखी एक तास. मग दोन तास. शेवटी फळ्यावर वेळ दाखवायचंच बंद झालं.

पहिला तास आजीनं खिडकीतून विमानं बघण्यात घालवला. मग चंचीवर हात ठेवून म्हणाली, "बाई, मी जरा अंगणात जाऊन येते."

"अंगण नाही इथं, आजी. तपासणीतून आत आलं की बाहेर जाता येत नाही."

"म्हणजे कोंडला का आपल्याला?"

"तसंच समजा. आणि विडी ओढायला बंदी आहे इथं. भिंतीवर पाटी आहे बघा."

तिनं पाटीवरच्या चित्राकडे बघितलं. विडी आणि तिच्यावर तांबडी रेघ, हे समजायला वाचता यायची गरज नव्हती. तिनं चंचीवरचा हात काढला. खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटलं. दहा वर्षं सांगून जे जमलं नव्हतं ते एका पाटीनं केलं होतं. म्हटलं, एक दिवस तरी छातीला विश्रांती.

दुसऱ्या तासाला तिनं नुसतीच विडी ओठांत धरली. लगेच एक गार्ड आला. "माताजी, यहाँ मना है."

"पेटवली नाय ना," ती म्हणाली, पण विडी काढून कानावर ठेवली.

आमच्या आजूबाजूला अशी बरीच माणसं होती. चांगल्या कपड्यांतला एक गृहस्थ खिशातून सिगारेटचं पाकीट काढायचा, उघडायचा, पुन्हा बंद करून आत ठेवायचा. दुसरा एक फोनवर कुणावर तरी मोठ्यानं चिडत होता आणि मग त्याच माणसाची माफी मागत होता. आजी त्यांच्याकडे बघत होती. तिला ते बरोबर ओळखू येत होते.

तिसऱ्या तासाला तिचे हात थरथरताना मला दिसले. मी चपापले. पायाळू मूल अडलं होतं तेव्हा, रक्त थांबत नव्हतं तेव्हा, मी हे हात पाहिले होते. ते कधी हलले नव्हते. ती उठायची, चार पावलं चालायची, परत बसायची, आणि दर थोड्या वेळानं विचारायची, "काय झाला? अजून नाय का आला?" ज्या बाईनं अख्खा दिवस बाळंतिणीच्या अंगणात शांतपणे काढलेला मी पाहिला होता, तिला विमानाची वाट बघता येत नव्हती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिच्या विड्या हेच तिचं थांबणं होतं. आत-बाहेर करताना एक विडी संपेपर्यंत ती बाळंतिणीला हात लावत नसे, जोर लाव म्हणत नसे, घाई करत नसे. मी घड्याळ बघत आत बसायची आणि दर पाच मिनिटांनी तपासायची. तिच्या हातून बाळंतिणींना कमी जखमा व्हायच्या, हे मी नोंदीत पाहिलं होतं. कारण कधी शोधलं नव्हतं.

मी उठले आणि झाडू मारणाऱ्या एका बाईला विचारलं, इथं कुठं ओढायला जागा आहे का. तिनं स्वच्छतागृहाच्या पलीकडे बोट दाखवलं. तिथं काचेची एक खोली होती. दहा बाय दहाची असेल. आत वीसेक पुरुष उभे होते आणि धुरामुळे मागची भिंत दिसत नव्हती.

आजी काचेसमोर थांबली. "अठं?"

"इथंच. पण तुमच्याकडे काडी नाही."

"त्यांच्याकडं तरी कुठली आसंल? सगळ्यांच्या काढल्या ना तिनं," असं म्हणून ती दार ढकलून आत गेली.

मी बाहेरून बघत होते. आत खरंच कुणाकडे काडी नव्हती. एक सिगारेट संपायच्या आत दुसरा तिच्यावर आपली पेटवून घेत होता आणि असा विस्तव चालू ठेवलेला होता. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली म्हातारी आत आली तशी सगळे बाजूला झाले. कुणी हसलं नाही. टाय लावलेल्या एका माणसानं वाकून आपली सिगारेट पुढे केली. आजीनं विडी टेकवली, दोन झुरके घेऊन पेटवली आणि भिंतीशी उकिडवी बसली. थोड्या वेळानं त्याच माणसानं तिला काहीतरी विचारलं. तिनं चंचीतून एक वळलेली विडी काढून त्याला दिली. त्यानं ती ओढली आणि त्याला जोराचा ठसका लागला. तेव्हा मात्र सगळे हसले, तीही हसली.

पण ती पूर्ण विडी न संपवताच बाहेर आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"नाय बसवत तठं," ती म्हणाली. "आपली एक वढायची नि सगळ्यांची गिळायची. ही माणसा अशी का डांबलीत, बाई?"

"बाकीच्यांना त्यांचा धूर लागू नये म्हणून. लहान मुलं असतात, पोटुशा बायका असतात."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं की नाही, कळलं नाही.

आमच्या खुर्च्यांसमोर एक तरुण आई बसली होती. तिचं मूल दोनेक महिन्यांचं होतं आणि अर्ध्या तासापासून पाय पोटाशी घेऊन रडत होतं. आजी सरळ तिच्यापुढे गेली आणि हात पसरले. "दे. पोट धरलाय त्याचा."

मुलीनं मूल छातीशी घट्ट धरलं. नाकाशी पदर नेला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "नको, थँक यू. त्यांच्या हाताला... वास येतोय."

आजीला सगळे शब्द समजले नसतील, पण पदर दिसला. तिनं आपले तळवे नाकाशी नेऊन हुंगले. मग वळून चालू लागली. मला वाटलं, रागावली. मी मागे गेले, तर ती नळापाशी उभी होती. पिशवीतला साबण काढून तिनं कोपरापर्यंत हात धुतले, मी शिकवलं होतं तसे, नखांच्या आतून. तीन वेळा चूळ भरली. पदराचं टोक ओलं करून गळा आणि तोंड पुसलं. पदराला धुराचा वास येत होता, म्हणून माझी शाल मागून घेतली आणि अंगाभोवती गुंडाळली.

परत येऊन ती आपल्या जागेवर बसली. पुन्हा मागितलं नाही. मूल रडतच होतं. पाचेक मिनिटं गेली असतील. ती मुलगी स्वतःच उठून आली आणि मला म्हणाली, "ह्या बघतील का जरा?"

"त्या सुईण आहेत," मी म्हटलं. हे मी आधीच सांगायला हवं होतं.

आजीनं मूल मांडीवर पालथं घेतलं, मग उताणं केलं, बेंबीच्या बाजूनं बोटं फिरवली, पाय हळूहळू पोटावर दाबून सोडले. एकदा, दोनदा, दहादा. कसलीही घाई नव्हती. मुलाला वारा सरला, तसं ते एकदम गप्प झालं. आजीनं ते परत दिलं नाही. त्याच्या आईला म्हणाली, "तू नीज जरा." आणि ती मुलगी खरंच खुर्चीत मान टाकून झोपली. पुढचे दोन तास मूल आजीच्या मांडीवर होतं आणि तिनं एकदाही वेळ विचारली नाही. हातही थरथरले नाहीत.

दुपारी विमान सुटलं. प्रवास दोन तासांचा. ढग खाली दिसतात हे आजीला आवडलं नाही, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. दिल्लीच्या सभेत तिला पाच मिनिटं बोलायचं होतं. ती दोन मिनिटं बोलली आणि मी ते हिंदीत सांगितलं. बाळंतिणीला घाई करू नका, एवढाच त्याचा अर्थ होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेवणाच्या सुट्टीत एक मोठ्या डॉक्टरीणबाई तिला गच्चीत सिगारेट ओढताना भेटल्या. दोघींनी कुठल्या भाषेत गप्पा मारल्या देव जाणे, पण अर्धा तास मारल्या.

परत आल्यावर तिनं विडी सोडली नाही. पण एक बदल झाला. बाळंतपणाच्या घरी ती आता अंगणात बसेना. कुंपणाच्या बाहेर, पार बांधापर्यंत जायची आणि आत येण्याआधी हात-तोंड धुवायची. घरातल्या पुरुषांनाही तिकडेच पिटाळायची. कुणी कुरकुर केली तर म्हणायची, "तठं मुंबईला काचंत घालतात, माहीत हाय का? जा बांधावर." लोकांना ती थाप वाटायची. ते मला विचारायचे, मी खरं आहे म्हणायची.

आणि मी आत बसून दर पाच मिनिटांनी तपासणं सोडलं. गरज असेल तेव्हाच हात लावायचा. मधला वेळ मी तिच्याबरोबर बांधावर जाऊन बसायची, धूर लागू नये म्हणून वाऱ्याच्या वरच्या बाजूला. आमचं खरं बोलणं तिथं सुरू झालं. तिची पहिली दोन मुलं जन्मताच गेली होती, हे एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा तिथं कळलं.

पुढे बाळंतपणं दवाखान्यात करायचा आग्रह सुरू झाला, आणि तो बरोबरच होता. पाड्यांवर गाड्या येऊ लागल्या. सुईणींचं काम कमी होत गेलं. ती बायकांना घेऊन जव्हारच्या सरकारी दवाखान्यात यायची आणि फाटकाबाहेर चहाच्या टपरीशी बसायची. आत तिला कुणी विचारत नसे. तिला वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं. "बाळंतीण वाचते ना? मंग झाला," ती म्हणाली. पण त्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर घरी गेली.

माझी मोखाड्याला बदली झाली त्यानंतर दोन वर्षांनी ती वारली. दम लागायचा तिला शेवटी. निरोप मला आठ दिवसांनी मिळाला. मी पोशेरा गावातल्या लसीकरणाहून परत येत होते, तर तिची सून एसटी थांब्यावर भेटली आणि तिनं सांगितलं. सुनेनं सुईणपण घेतलं नाही. ती आशा सेविका म्हणून काम करते, वही-पेन घेऊन पाडे फिरते, विडीला कधी शिवली नाही. दातांना तंबाखूची मिसरी मात्र लावते. मी त्याबद्दल बोलले, तेव्हा हसून म्हणाली, "बघू, बाई."