आबांना पटल्याशिवाय

प्रा. कोळपे सरांना मी प्रथम भेटले ती शिरूरच्या महाविद्यालयातील त्यांच्या खोलीत. विद्यापीठाचे सुवर्णपदक पदरी होते आणि संशोधनाचा आराखडा दौंडहून मी अगदी निर्दोष करून आणला होता. सरांनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, "रविवारी केंदूरला याल का? हे आमच्या आबांना सांगायचंय."

आबा म्हणजे सरांचे थोरले बंधू. तीन इयत्ता शिकलेले, उभे आयुष्य मेंढरांमागे हिंडलेले. त्यांना समजावून सांगितल्याखेरीज सरांच्या हाताखालचे एकही लेखन बाहेर जात नसे. ही प्रथा मला तेव्हा निव्वळ भाबडी वाटली.

प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित कणांचा अतितप्त वायू. चुंबकीय क्षेत्रात कोंडला तरी त्यात खळबळ माजतेच. ती कणांना कुठे नेते, हा सरांचा आयुष्यभराचा विषय. काही वर्षांनी माझ्या प्रबंधातील अखेरच्या गणितात कण दाटीकडून विरळाकडे जाण्याऐवजी उलट दाट मध्याकडे सरकत होते. अधिक-उणे चिन्हाची चूक असणार, असे ठरवून मी ते परस्पर बदलले. आलेख देखणा झाला. प्रबंध सादर करायला चार दिवस उरले होते.

प्रथेप्रमाणे आम्ही केंदूरला गेलो. मेंढवाड्याशेजारी बसून आबांनी सारे ऐकून घेतले.

"नवं कण कुठनं सोडता?"

"कडेनं, आबा," मी म्हणाले.

"आन् कडंचं समदं भायेरच जातंय, मंग मधी दाटी कशी व्हती? आमची मेंढरं तर कुत्रं दिसलं की मधीच घुसत्यात."

"मेंढरं भितात. कण भीत नाहीत."

"व्हय ना? मंग त्यान्ला मधी ढकलतंय कोण, त्ये सांग की!"

सरांनी माझ्याकडे पाहिले. "चिन्ह बदललंत?"

मी मान खाली घालून "हो" म्हणाले.

सर रागावले नाहीत. पुढचे तीन आठवडे ते रोज माझ्यासोबत समीकरणाची ओळन् ओळ हाताने सोडवत बसले. मूळ चिन्हच बरोबर निघाले. खळबळच कणांना आत ओढत होती. मुदतवाढीच्या अर्जावर विलंबाचे कारण सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले: 'मार्गदर्शकाच्या आग्रहावरून.' आज माझा प्रबंध वाचला जातो तो त्याच प्रकरणासाठी. आबांची उपमा शास्त्रदृष्ट्या सदोष आहे, हे मात्र मी अजूनही सांगते. सर हसतात आणि चहा मागवतात.

पंचाहत्तरी गाठलेल्या सरांना, आणि त्यांच्याहून वडील असलेल्या आबांनाही, निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थ आहे. नवा शोधनिबंध लिहून तयार आहे, आणि त्यातला एक आलेख मला फारच देखणा वाटतो आहे.